इंजिन नसलेल्या विमानांची शर्यत: स्पर्धेतलं ग्लायडिंग, अपघात आणि सुरक्षितता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी हडपसरला विंचच्या तारेने वर जाऊन पाच-सात मिनिटांत खाली येणारा हौशी माणूस. स्पर्धेत कधी उतरलो नाही. पण स्टुटगार्टजवळ नोकरी करणाऱ्या मावसभावाच्या स्पर्धेत एकदा दोन आठवडे ‘क्रू’ म्हणून राबलो. म्हणजे सकाळी पंख पुसायचे, दुपारभर वाट बघायची आणि संध्याकाळी कुणाच्या तरी शेतातून ग्लायडर सुटा करून ट्रेलरवर लादून आणायचा. तेव्हापासून घरचे, मित्र, ऑफिसातले सगळे फिरून फिरून तेच विचारतात. एकदाच लिहून टाकतो.

ग्लायडर म्हणजे कामशेतला उडवतात तेच ना?

नाही. कामशेतला चालतं ते पॅराग्लायडिंग. कापडी पंख, दोऱ्या, आणि डोंगराच्या कडेवरून धावत जाऊन हवेत जाणं. ग्लायडर हे रीतसर विमान असतं. फायबरचं अंग, १५ मीटर किंवा त्याहून लांब पंख, बंद कॉकपिट, चाक, ब्रेक, सगळं काही. नसतं ते फक्त इंजिन. दोन्ही खेळ वर चढणाऱ्या हवेवर जगतात, पण अपघातांची जात वेगळी. पॅराग्लायडरचं कापड हवेतच मिटू शकतं. ग्लायडरचा पंख मिटत नाही, त्याचे त्रास निराळे आहेत.

इंजिन नाही तर शर्यत कसली?

भर दुपारी माळावर घार बघितली आहे ना? पंख न हलवता गोल गोल फिरत वर जाते आणि मग सरळ रेषेत कुठेतरी निघून जाते. शर्यत हीच. टो विमान, म्हणजे दोरीने ओढून नेणारं इंजिनवालं विमान, ग्लायडरला साधारण ६०० मीटरवर नेऊन सोडतं. मग आरंभरेषा उघडते, आणि ठरवून दिलेल्या वळणबिंदूंना वळसा घालून परत यायचं. तीनशे, चारशे, कधी पाचशे किलोमीटर. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेला थर्मल म्हणतात. त्यात चढायचं, मग नाक खाली करून वेगाने पुढचं थर्मल गाठायचं. दोन थर्मलच्या मध्ये किती वेगाने जावं याचं गणित ज्याच्या नावाने ओळखलं जातं, तो पॉल मॅक्रेडी १९५६ साली फ्रान्समध्ये सेंट-यानला जगज्जेता झाला.

वेग वाढावा म्हणून पंखांत शे-दीडशे लिटर पाणीसुद्धा भरतात. हलकं असावं म्हणून जिवाचं रान करून बांधलेलं विमान, आणि वर पाणी भरून जड करायचं. माझ्या आईला हे आजतागायत पटलेलं नाही.

इंजिन नसल्यामुळेच अपघात होतात, नाही का?

सगळ्यांचा पहिला अंदाज हाच असतो, आणि तो चुकीचा आहे. स्पर्धेतला चांगला ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून शांत हवेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जातो. मोठ्या पंखांचे साठच्या घरात जातात. खाली यावं लागणार हे वैमानिकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, त्यामुळे इंजिन बंद पडल्यावर उडते तशी धांदल इथे उडत नाही.

मग माणसं मरतात कशाने?

मुख्यतः तीन गोष्टींनी. हवेत दुसऱ्या ग्लायडरशी टक्कर, जमिनीजवळ स्टॉल होऊन गिरकी घेणं, आणि डोंगराच्या अंगावर जाणं. टकरीबद्दल खाली सविस्तर लिहितो. आधी गिरकीबद्दल, कारण ती बाहेरून दिसत नाही आणि सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दलच आहेत.

पंखाला उचल मिळायला हवा ठराविक कोनात यावी लागते. कोन फार वाढला की पंख हवेला धरून ठेवू शकत नाही. त्याला स्टॉल म्हणतात. वळताना विमान जड झाल्यासारखं होतं. ४५ अंश कललं की भार १.४१ पट होतो आणि स्टॉलचा वेग जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांवर भार दुप्पट. आता असा माणूस डोळ्यांसमोर आणा: तो पाच तास उडालाय, उंची संपत आलीय, शेवटचं थर्मल सापडेना, खाली शेतं. दोनशे मीटरवर त्याला थोडी उचल जाणवते. नियम म्हणतो, आता शेत निवड आणि उतर. मन म्हणतं, एक चक्कर मारून बघू. जमीन जवळ आली की वेग जास्त असल्याचा भास होतो, हात नकळत दांडी मागे ओढतो, पाय रडर (शेपटीचं सुकाणू) जास्त दाबतो, आतला पंख आधी सुटतो आणि विमान गिरक्या घेत खाली जातं. हजार मीटरवर गिरकीतून बाहेर येणं हा शिकाऊ वैमानिकाचा धडा असतो. दीडशे मीटरवर त्याला वेळच नसतो.

डोंगराचं तसंच. वारा उतारावर आपटून वर चढतो, आणि ती चढती हवा कड्याला चिकटून असते. जितकं जवळ तितकी उचल जास्त. म्हणून शिकवताना पहिलं वाक्य असतं: वळायचं ते नेहमी डोंगरापासून दूर. आणि समोरासमोर दोघे आले तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला जागा नाही, म्हणून दुसऱ्याने बाजूला व्हायचं.

हे नवशिक्यांचं होत असेल ना? मुरलेले लोक वाचतात?

इथे मला थोडं थांबून लिहायचं आहे. या खेळाबद्दल मला जे काही समजलं, ते या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

जर्मनीतल्या ऱ्होन डोंगरांमधलं वासरकुप्पे हे ग्लायडिंगचं पंढरपूर समजा. १९२० पासून तिथे स्पर्धा भरायच्या. १९३२ च्या स्पर्धेत ग्युंथर ग्रोनहोफ हा त्या काळचा सर्वांत गाजलेला वैमानिक होता, चोवीस वर्षांचा. अलेक्झांडर लिपिशने रचलेल्या ‘फाफनिर’ ग्लायडरमध्ये उड्डाणाच्या सुरुवातीलाच त्याचं रडर निकामी झालं. त्याने उडी घेतली, पण पॅराशूट उघडायला पुरेशी उंची उरली नव्हती.

१९४८. युद्धानंतरची पहिली जागतिक स्पर्धा, स्वित्झर्लंडमधलं सामेदान, चहूकडे आल्प्स. ब्रिटिश संघातले दोघे तिथून परतलेच नाहीत. त्यांतला एक किट निकल्सन, आधुनिक वळणाचा नावाजलेला वास्तुविशारद. इंग्लंडमधल्या डन्स्टेबलला लंडन ग्लायडिंग क्लबची जी इमारत आजही उभी आहे, ती त्यानेच रेखाटलेली.

हेल्मुट राइशमान. १९७०, १९७४ आणि १९७८ असा तीनदा जगज्जेता. लांब पल्ल्याच्या ग्लायडिंगचं पाठ्यपुस्तक लिहिणारा माणूस. ते पुस्तक वाचून जगभरच्या दोन पिढ्या शिकल्या. १९९२ च्या मार्चमध्ये फ्रेंच आल्प्समध्ये हवेतल्या टकरीत गेला.

दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, क्लाउस होलिगहाउस. शेम्प-हिर्ट कंपनीचा प्रमुख, सिरस, निंबस, व्हेंटस, डिस्कस या ग्लायडरांचा रचनाकार, आणि स्वतः पट्टीचा स्पर्धक. तोही आल्प्समध्येच गेला.

शेवटचे दोघे स्पर्धेच्या दिवशी गेले नाहीत, हे खरं. पण यांना नवशिके कोण म्हणेल? नवशिक्यावर शिक्षकाची नजर असते, तो वारा जास्त असला की उडतच नाही. मुरलेला माणूस वर्षाला शेकडो तास आणि हजारो किलोमीटर अशा जागी काढतो जिथे चुकीला जागा थोडी. शिवाय शंभरदा थोडक्यात निभावलेली गोष्ट त्याच्या हिशेबी सुरक्षित ठरून जाते. आपल्याकडे म्हणतात, पट्टीचा पोहणाराच बुडतो. ही म्हण मी लहानपणी ऐकली तेव्हा मला ती पोहता न येणाऱ्यांनी काढलेली वाटायची.

‘विमानतळापर्यंतचा गाडीचा प्रवासच जास्त धोक्याचा’ असं ग्लायडरवाले म्हणतात. खरं का?

नाही. आणि हे खोटं आहे हे सांगणारा माणूस कुणी घाबरट प्रेक्षक नव्हता. ब्रुनो गांटेनब्रिंक १९८९ साली ऑस्ट्रियात वीनर नॉयश्टाटला १५ मीटर गटात जगज्जेता झाला. पुढे काही वर्षांनी एका भाषणात त्याने हे वाक्य मोडीत काढलं. मुद्दा साधा होता: आपल्या ओळखीतले किती ग्लायडरवाले रस्त्यावर मेले आणि किती हवेत, मोजा. त्याने स्वतःचे गेलेले मित्र मोजले होते, आणि त्यात रस्त्यावर जाणारे नव्हते. ते भाषण क्लबाक्लबातून वाचलं गेलं, आजही नवीन लोकांच्या हातात दिलं जातं.

माझ्या मावसभावाच्या हँगरमध्ये एका म्हाताऱ्या सभासदाला मी हे गाडीचं वाक्य गंमत म्हणून ऐकवलं होतं. तो हसला नाही. भिंतीवरचे फोटो दाखवून पुन्हा पंख पुसायला लागला.

एवढं मोठं आभाळ. दोन ग्लायडर आदळतातच कसे?

कारण चढती हवा मोठी नसते. ताशी १०० किलोमीटरने, ४५ अंश कलून फिरणारा ग्लायडर साधारण १६० मीटर व्यासाचं वर्तुळ काढतो. म्हणजे क्रिकेटच्या मैदानाएवढं. स्पर्धेच्या दिवशी आरंभरेषा उघडण्याची वाट बघत त्या एका मैदानाच्या डोक्यावर वीस-वीस, तीस-तीस ग्लायडर फिरत असतात, एकावर एक, काहींमध्ये पंखाच्या लांबीइतकंच अंतर. या थव्याला गॅगल म्हणतात. सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचं, आणि जो आधी आला त्याची दिशा तीच सगळ्यांची, हा पहिला नियम. तरी प्रत्येकाच्या पोटाखाली आणि शेपटीमागे न दिसणारी जागा असतेच.

थव्याबाहेर दुसरा धोका. ढगांच्या रांगेखाली दोघे समोरासमोर, प्रत्येकी ताशी २०० ने. जवळ येण्याचा वेग ताशी ४००, म्हणजे सेकंदाला १११ मीटर. दिसणं, ओळखणं, ठरवणं, दांडी हलवणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं, या सगळ्याला अमेरिकी विमान प्राधिकरण साडेबारा सेकंद धरतं. गुणाकार केला तर जवळजवळ १,४०० मीटर. समोरून ग्लायडर म्हणजे माणसाच्या खांद्याएवढं रुंद नाक आणि तळहाताएवढे जाड पंख, सगळं पांढरं, मागे पांढरा ढग. चौदाशे मीटरवरून ते शोधा.

आणि यात एक विचित्र गोष्ट आहे. जे विमान तुमच्यावर आदळणार असतं, ते काचेवर सरकत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखं राहतं आणि शेवटच्या दोन-तीन सेकंदांत एकदम मोठं होतं. आपला डोळा हालचाल टिपायला बनलेला. सरकणारं विमान लगेच दिसतं, पण ते धोक्याचं नसतं.

त्यावर काही यंत्र नाही का?

आहे. फ्लार्म. आल्प्समधल्या टकरींना वैतागून स्वित्झर्लंडमधल्या ग्लायडर उडवणाऱ्या काही जणांनीच २००४ मध्ये ते बनवलं. लहानशी डबी. उपग्रहावरून आपली जागा आणि दाबावरून उंची काढते, पुढच्या काही सेकंदांत आपण कुठे असू याचा अंदाज रेडिओने प्रसारित करते आणि इतरांचे अंदाज ऐकते. दोन मार्ग एकमेकांत जात असतील तरच ओरडते. तेच तिचं वैशिष्ट्य. साधं जवळ येणं तिला मान्य आहे, नाहीतर थव्यात ती सतत बोंबलत राहिली असती आणि वैमानिकाने वैतागून बंद केली असती. आता बहुतेक मोठ्या स्पर्धांत ती सक्तीची असते.

दोन मर्यादा. एक, हे रडार नव्हे. समोरच्याकडे डबी नसेल तर तो तिच्यासाठी अस्तित्वातच नाही. दुसरी मर्यादा माणसाची. फ्लार्मच्या पडद्यावर इतर स्पर्धक कुठे आहेत आणि किती वेगाने चढताहेत हे दिसतं, म्हणजे दुसऱ्याचं थर्मल आयतं मिळतं. मग लोक आपली माहिती लपवू लागले. काहींनी अँटेनाच झाकली. जीव वाचवायचं यंत्र पत्ते लपवल्यासारखं वापरायचं! पुढे स्पर्धेसाठी वेगळी सोय आली: धोक्याची सूचना मिळेल, पण दूरच्यांची बारीकसारीक माहिती दिसणार नाही. ही सोय योग्य की नको, यावर वैमानिकांचे दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर, दिसू द्या सगळ्यांना सगळं. शर्यत थोडी कमी कसाची झाली तर झाली.

दोष स्पर्धेचा की माणसाचा?

नियम लिहिणाऱ्यांचाही. दिवसाच्या विजेत्याला जास्तीत जास्त १,००० गुण. जो परत पोचला नाही त्याला फक्त कापलेल्या अंतराचे गुण. स्पर्धा दोन आठवडे चालते, म्हणून एक दिवस शेतात उतरलात की पदक गेलंच. दोनशे मीटरवर ‘एक चक्कर मारून बघू’ म्हणणारं मन इथून येतं.

दुसरं, कुणाच्या तरी मागे मागे जाणं. पुढचा थर्मल शोधतो, मागचा फुकटात चढतो. त्यामुळे आधी निघायला कुणी तयार नसतं, सगळे रेषेजवळ घिरट्या घालत राहतात, आणि निघाले की घोळक्याने निघतात. जळवेसारखं चिकटणं म्हणतात त्याला. नियम दरवर्षी बदलतात, जळवा तेवढ्याच चलाख होतात.

तिसरं म्हणजे शेवट. पूर्वी समाप्तीची रेषा धावपट्टीवरच आखलेली असायची. ग्लायडर ताशी अडीचशेच्या वेगाने डोक्यावरून सूं करत जायचे, पाण्याचा फवारा सोडत. दिसायला अप्रतिम. अडीचशेवाला तसा सुरक्षितही असतो, कारण नाक वर केलं की त्या वेगाची दीड-दोनशे मीटर उंची करता येते. मरतो तो ज्याचं गणित चुकलंय. तो तेवढ्याच खालून येतो, पण त्याच्याकडे वेगही नसतो. गणित चुकायला फार लागत नाही. घर ३० किलोमीटर, उतार चाळीसास एक, म्हणजे ७५० मीटर हवेत. ताशी १५० ने बारा मिनिटं. वाटेत हवा सेकंदाला फक्त अर्धा मीटर खाली जात असेल तर बारा मिनिटांत ३६० मीटर गेले.

२००५ मध्ये इंग्लंडमधल्या हझबंड्स बॉसवर्थला राष्ट्रीय स्पर्धेत समाप्तीकडे अगदी खालून येणाऱ्या ग्लायडरने एका छायाचित्रकाराचा जीव घेतला. आता पुष्कळ ठिकाणी रेषेऐवजी विमानतळाभोवती काही किलोमीटरचं वर्तुळ असतं आणि ते किमान उंचीवरूनच ओलांडावं लागतं. खाली आलात तर गुण कापतात. फवारे उडवणारा तो शेवट गेला म्हणून हळहळणारे जुने लोक भेटतात. मीही तो व्हिडिओवर बघून थरारलो होतो, नाही म्हणत नाही.

ढगात का शिरत नाहीत? तिथे तर उचल जास्त असेल.

असते, आणि एके काळी जागतिक स्पर्धांत शिरतही. गोल गोल फिरत, फक्त उपकरणं बघत, मोठ्या पांढऱ्या ढगात. आत अजून कोण आहे हे कुणालाच माहीत नाही. बर्फ साचतं, वादळी ढगात पंख तुटतात. आता जागतिक स्पर्धांत ढगात उडायला बंदी आहे, आणि बाहेर न बघता उडता येईल अशी उपकरणं वापरायलाही.

शेतात उतरणं म्हणजे अपघातच की?

छे. ते वेळापत्रकातलं आहे. साधारण शिकवण अशी: ६०० मीटरवर आलात की उतरण्याजोगा भाग बघा, ४५० वर एक शेत पक्कं करा, ३०० वर रीतसर फेरी घालून उतरायला लागा. कापणी झालेलं शेत उत्तम, उभा मका वाईट. तारा दिसत नाहीत म्हणून तारा शोधायच्या नाहीत, खांब शोधायचे. हे वेळेवर केलं तर बूट चिखलात भरतात, इतकंच. शेतात उतरताना झालेले बहुतेक वाईट अपघात हे खरं म्हणजे उशिरा ठरवल्याचे अपघात असतात.

हल्ली काही ग्लायडरना छोटं इंजिन असतं म्हणे. मग प्रश्नच मिटला?

इंजिन सुरू होईल अशा भरवशावर लोक खाली, न उतरण्याजोग्या जागी जातात, आणि बाहेर काढलेलं, पण सुरू न झालेलं इंजिन हवेला ब्रेकसारखं अडवतं. हिशेब तुम्हीच करा.

पॅराशूट असतं ना प्रत्येकाकडे?

असतं, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सक्तीचं. टकरीनंतर उडी मारून वाचलेले बरेच आहेत. पण आधी बाहेर पडता आलं पाहिजे. वैमानिक जवळजवळ झोपलेल्या स्थितीत असतो. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण, सोडायची, पट्टे सोडायचे, आणि गिरक्या घेणाऱ्या विमानातून, दुप्पट-तिप्पट झालेलं स्वतःचं वजन दोन्ही हातांनी उचलून काठावरून बाहेर पडायचं. साठीतल्या माणसाला हे जमिनीवरसुद्धा जड जातं. स्पर्धांमध्ये साठीतले भरपूर असतात.

यावर काम झालंय आणि ते चांगलं काम आहे. जर्मनीतल्या आखेनच्या वोल्फ रोगरने कॅनॉपीच्या मागच्या बाजूला एक साधी आकडी सुचवली. तिच्यामुळे कॅनॉपी पुढून उचलली जाऊन मागे उडते, वैमानिकाच्या डोक्यावर येत नाही. ग्लायडर बनवणाऱ्या डीजी कंपनीने ‘नोआ’ नावाची हवेची गादी आणली, ती फुगून माणसाला सीटवरून काठापर्यंत उचलते. आणि १९८० च्या दशकात गेरहार्ड वाइबेलने एएसडब्ल्यू २४ हा ग्लायडर रचताना कॉकपिट आपटण्याचा विचार करून बांधलं, पुढचा भाग चेपून धक्का शोषेल असं. त्याआधी कॉकपिट म्हणजे वैमानिकाभोवती गुंडाळलेलं पातळ टरफल होतं.

स्पर्धेत कुणी गेलं तर स्पर्धा थांबते का?

सहसा त्या दिवसाचं उड्डाण रद्द होतं, दुसऱ्या सकाळच्या ब्रीफिंगला सगळे उभे राहतात, आणि पुढे उडायचं की नाही हे संघनायकांशी बोलून ठरतं. बऱ्याचदा उडतात. बाहेरच्याला हे निर्दय वाटतं. मलाही वाटायचं. पण गेलेल्याच्याच संघातले लोक ‘उडा’ म्हणतात असंही होतं, आणि तिथे आपण काय बोलणार.

पॅराग्लायडिंगमध्ये २०११ साली वेगळं घडलं. स्पेनमधल्या पिएद्राहिता इथल्या जागतिक स्पर्धेत दोन वैमानिक गेले, तेव्हा स्पर्धा तिथेच बंद केली गेली आणि प्रमाणित नसलेल्या, सर्वांत वेगवान पंखांना अशा स्पर्धांतून बाहेर काढलं गेलं. खेळाडूंची कुरकुर झाली, निर्णय टिकला.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ का नाही?

जवळजवळ आला होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक झालं, आणि त्यासाठी आलेला एक ऑस्ट्रियन वैमानिक तिथेच उडताना मेला. तरीही १९४० साठी सगळ्यांना एकसारखा ग्लायडर ठरला, ‘माइझे’ नावाचा. मग युद्ध आलं आणि ते ऑलिंपिकच झालं नाही.

आपल्याकडे काय आहे?

हडपसरचं सरकारी ग्लायडिंग केंद्र पुणेकरांना माहीत असतं, निदान त्यावरून जाणाऱ्या बसमुळे तरी. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना ग्लायडिंग शिकवतात. आयआयटी कानपूरचंही नाव मोठं. जर्मनी-पोलंडसारखा शनिवार-रविवारी गावोगाव उडणारा खेळ मात्र इथे झाला नाही.

एक गोड गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. नागरी विमानवाहतूक खात्याच्या तंत्रज्ञांनी रचलेल्या देशी ग्लायडरांची नावं नक्षत्रांवरून आहेत: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. गंमत अशी की मृग लागला की आपल्याकडे ढग दाटतात, जमीन भिजते, थर्मल मरतं, आणि मृगशीर-आर्द्रा हँगरमध्ये.

माझ्या मुलीला शिकायचंय. पाठवू का?

पाठवा. शिकणं आणि स्पर्धा यांत खूप अंतर आहे, आणि शिकणं बऱ्यापैकी शिस्तीत होतं. युरोपात चौदाव्या वर्षी एकटीने उडता येतं, सोळाव्या वर्षी परवाना मिळतो. पण क्लब निवडताना ग्लायडर किती नवे हे विचारू नका. विचारा की मागच्या वर्षी काय चुकलं होतं. जिथे लोक आढेवेढे न घेता सांगतात, ‘अमक्याने पंखांवरचे ब्रेक उघडे ठेवून टो घेतला, मग आम्ही तपासणीची यादी बदलली’, तिथे पाठवा. ‘आमच्याकडे कधीच काही होत नाही’ म्हणाले तर चहा पिऊन परत या.

पुढे ती स्पर्धेत उतरली तर तिच्याशी एक गोष्ट आधीच बोलून ठेवा. शेतात उतरलीस तर ट्रेलर घेऊन यायला आम्ही कुरकुर करणार नाही, रात्रीचे बारा वाजले तरी. हसू नका. क्रूची कटकट नको म्हणून आणखी एक चक्कर मारणारे असतात.

आणि आमच्याच शेतात ग्लायडर उतरला तर?

पंखाचं टोक किंवा शेपटी धरून ढकलायला जाऊ नका, वैमानिक सांगेल तिथेच हात लावा. पोरांना कॅनॉपीपासून लांब ठेवा, ती काच महाग असते. पिकाचं नुकसान झालं असेल तर फोटो काढून ठेवा, ते बोलणं नंतर. त्याला आधी पाणी द्या, पाच तास तो उन्हात काचेखाली बसलेला असतो. आणि त्याच्या फोनला रेंज नसेल तर तुमचा द्या. मी एकदा चाळीस मिनिटं अशा फोनची वाट बघितली आहे. शेवटी तो एका शेतकरणीच्या नंबरावरून आला.